लेखकाच्या थकव्याचा हिशेब मांडायला हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मृगाचा पाऊस आणि दिवाळी अंकांची मागणीपत्रं कोल्हापुरात साधारण एकाच सुमारास येतात. पत्रातला मजकूर ठरलेला असतो: कथा किंवा ललित लेख, तीन हजार शब्दांपर्यंत, जुलैअखेर पाठवावा, आपल्या नेहमीच्या शैलीत असावा. त्याच सुमारास लिहिणाऱ्या मंडळींच्या तोंडी ‘काही सुचतच नाही’ हे पालुपदही सुरू होतं. ऐकणारे दोनच उपाय सांगतात. पन्हाळ्यावर जाऊन चार दिवस राहून या, नाहीतर नेटानं बसा, बैठक मारली की सुचतं. कधीमधी यातला एखादा लागूही पडतो. पण बहुतेकांचं दुखणं वेगळं असतं आणि त्याला ना पन्हाळा पुरतो ना बैठक.

हे पत्र लिहिणाऱ्यांपैकी काही जण लेखन करतात, काही अंकांचं संपादन, तर काही मुद्रितशोधन. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हा हंगाम पाहिल्यावर आमचं मत असं झालं आहे की, लेखक आटला म्हणतो तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा त्याच्या तासांची वजाबाकी चुकलेली असते. ती वहीत मांडता येते आणि मांडली की दुरुस्तही करता येते. पत्र लांबणार आहे. कात्री चालवायचीच झाली तर कृपया आकडे ठेवा आणि आमची मतं कापा.

आधी दुखणं नीट ओळखायला हवं. लेखन अडणं आणि लेखक थकणं या दोन गोष्टींत घोळ फार होतो. कथा अडते तेव्हा ती एकच कथा अडते. नायिकेनं माहेरी जावं की नाही हे ठरत नाही, पण त्याच दिवशी तोच लेखक मित्राला चार पानी पत्र सहज लिहितो, दुसऱ्याच्या कथेवर उत्साहानं बोलतो. अशा वेळी कथा बाजूला ठेवून दुसरं काही लिहावं, एवढंच पुरतं. थकलेल्या लेखकाला मात्र कोणतंच पान नकोसं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘बर्नआउट’ हा आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदवला आहे आणि त्याची तीन अंगं दिली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा तुच्छता निर्माण होणं आणि कामाची परिणामकारकता घटणं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेवर लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोर दवाखान्यात स्वेच्छेनं राबणारी माणसं होती. हौसेनं, मन लावून काम करणाराच आधी जळतो, हे निरीक्षण आपल्या साहित्यव्यवहाराला तंतोतंत लागू आहे.

लेखकाच्या बाबतीत ही तीन अंगं कशी दिसतात? रविवारी नऊ तास झोपूनही सोमवारी वही उघडताना हात जड होतो. संपादकाचं नाव मोबाइलवर दिसलं की पोटात गोळा येतो, दुसऱ्याच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला की त्याची टिंगल करावीशी वाटते, स्वतःचं छापून आलेलं वाचवत नाही. आणि पूर्वी पाच तासांत होणारं सदर आता नऊ तास खातं. शिवाय त्यात तीच विशेषणं, तोच शेवट, तेच पावसाचं वर्णन. मुद्रितशोधकाला हे सगळ्यात आधी कळतं. एकाच लेखकाच्या एका हंगामातल्या तीन कथा लागोपाठ तपासल्या की तिसऱ्या कथेतली वाक्यं पहिलीतून उचलून आणल्यासारखी दिसतात. लेखकाला त्याचा पत्ताही नसतो.

यातलं काही शरीराचंही असू शकतं. थकव्याचं खापर साहित्यावर फोडण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व यांची तपासणी करून घ्यावी, चष्म्याचा नंबर पाहावा. रक्तक्षय किंवा थायरॉइडची कमतरता असेल तर कितीही विश्रांती घेतली तरी तरतरी येत नाही. आणि उदासी फक्त लेखनापुरती नसेल, नातवंडांत, जेवणात, आवडत्या गाण्यातही मन लागत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवडे टळत नसेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी मदत मागावी. केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्याच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आपल्या छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. कवी म्हटला की उदास असायचाच, हा समज जितक्या लवकर जाईल तितकं बरं.

आता हिशेब. नोकरी सांभाळून लिहिणारा लेखक घ्या, कारण मराठीत बहुसंख्य तेच आहेत: शाळेत, बँकेत, सहकारी संस्थेत, शेतीवर. त्यांचं लेखन ही दुसरी पाळी असते आणि ती विश्रांतीच्या वेळातच भरते. हे कामच आहे, हे आधी मान्य करावं लागतं. तीन हजार शब्दांची कथा धरू. पहिला खर्डा ताशी तीनशे शब्दांच्या वेगानं दहा तास. दुसरा खर्डा पाच तास. टंकलेखन दोन तास, छापील मुद्रितं तपासणं दोन तास, फोन आणि निरोप मिळून एक तास. एकूण वीस तास. जूनच्या तिसऱ्या आठवड्याअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंतच्या सुमारे दहा आठवड्यांत पाच अंकांना होकार दिला, तर शंभर तास झाले. दर आठवड्याचं आठशे शब्दांचं सदर पाच तासांचं, म्हणजे आणखी पन्नास. एखाद्या कथास्पर्धेचं परीक्षण: साठ कथा, प्रत्येकीला पंधरा मिनिटं, पंधरा तास. ओळखीच्या दोन नवोदितांच्या पुस्तकांना प्रस्तावना, वाचनासह प्रत्येकी दहा तास, वीस. बेरीज १८५ तास.

हातात किती? सोमवार ते शुक्रवार रोज दीड तास, शनिवारी दोन, रविवारी चार. आठवड्याला साडेतेरा, दहा आठवड्यांना १३५. तूट पन्नास तासांची. घरचं लग्न, ताप, बेंदूर, पंचगंगेचं पाणी वाढल्यावर पाहुण्यांची हलवाहलव, वीज गेलेल्या रात्री, यातलं काहीच अजून धरलेलं नाही. हे पन्नास तास शेवटी झोपेतूनच येतात: सत्तर रात्री, दर रात्री पाऊण तासाच्या आसपास. आणि इथूनच चक्र उलटं फिरू लागतं. झोप तुटली की ताशी तीनशेचे दोनशे शब्द होतात, म्हणजे त्याच कथेचा पहिला खर्डा दहाऐवजी पंधरा तास घेतो, तूट आणखी वाढते, झोप आणखी कमी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ‘मी संपलो’ असं वाटायला लागतं ते इथं.

लेखिकांच्या बाबतीत तर हे गणित आणखी कडक आहे. अनेकींना दुपारी दोन ते चार एवढाच वेळ मिळतो, तोही आठवड्यातले चारेक दिवस आणि घरात कुणी आजारी नसेल तर. आठवड्याचे सात-आठ तास. त्यात मुदतीचे शेवटचे दिवस श्रावणातल्या व्रतवैकल्यांवर आणि गौरी-गणपतीच्या तयारीवर येऊन आदळतात. जुलैअखेर असं सगळ्यांना एकच सांगणारं मागणीपत्र कागदावर समान असतं, घरात नसतं. घरच्यांनी पुस्तक-प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसण्याआधी हंगामाच्या या दोन महिन्यांत संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून तीन दिवस उचलावा. त्यानं वाचणारे तास कोणत्याही सत्कारापेक्षा उपयोगाचे आहेत.

उपाय काय, तर हातातल्या तासांच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच होकार द्यायचा. १३५ चे सत्तर टक्के म्हणजे साधारण ९५. त्यात सदर आणि दोन कथा बसतात, बाकी काही बसत नाही. वहीच्या एका पानावर पाच रकाने आखावेत: कोणाला, काय, किती शब्द, किती तास, कोणत्या तारखेला. नवी मागणी आली की आधी हे पान उघडायचं, मग उत्तर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेल्या तारखा पुरत नाहीत. तारीख दिसते, तास दिसत नाहीत.

नकार कसा द्यायचा, हा आपल्याकडचा खरा अवघड भाग. फोनवर ‘बघतो’ म्हणून सुटका करून घेतली की संपादक नाव यादीत टाकतो आणि दहा ऑगस्टला त्याच्यासमोर चार कोरी पानं उरतात. त्यामुळे मागणी आल्यापासून दोन दिवसांत, लेखी, स्पष्ट. मजकूर एवढाच पुरे: ‘आपण आठवण ठेवलीत, आभारी आहे. यंदा दोनच अंकांसाठी लिहायचं ठरवलं आहे आणि ती कामं स्वीकारली आहेत. या वर्षी आपल्या अंकासाठी लिहिणं जमणार नाही. पुढच्या अंकासाठी मार्चअखेरपर्यंत कळवलंत तर नक्की विचार करेन.’ कारणांची यादी देऊ नये. आईचं आजारपण, मुलाची परीक्षा असं काही सांगितलं की समोरचा त्या कारणावर तोडगा सुचवतो: ‘मग पंधरा ऑगस्टपर्यंत द्या की!’ जूनमध्ये मिळालेला नकार कुठलाही अनुभवी संपादक मनावर घेत नाही. त्याला छळतं ते मौन.

होकार देऊन बसलो आणि जुलैच्या मध्यावर अवसान गळालं, तर? तेव्हा पान उघडून प्रत्येक कामापुढं विचारायचं: हे रद्द केलं तर कुणाचं काय अडतं? ज्याची छपाईची तारीख ठरली आहे आणि ज्याचं मानधन आगाऊ घेतलं आहे, ते आधी. बाकीच्यांना पर्याय द्यावा. तीन हजारांच्या कथेऐवजी बाराशे शब्दांचा लेख. किंवा तयार असलेलं पण अप्रकाशित काही. किंवा मुलाखत: प्रश्न दुसऱ्यानं काढायचे, शब्दांकन दुसऱ्यानं करायचं, आपण दीड तास बोलायचं आणि अर्धा तास तपासायचं. परीक्षणं आणि प्रस्तावना सरळ परत कराव्यात, ते काम दुसरा कुणीही करू शकतो. एक मात्र टाळावं. थकलेल्या अवस्थेत जुन्या दोन कथा जोडून तिसरी करण्याचा मोह होतो. वाचक ती ओळखतात.

आठवडी सदर चालवणाऱ्यांनी चार मजकूर कायम तयार ठेवावेत, ज्यांना तारखेचं बंधन नाही असे. त्यातला एक वापरला की पंधरा दिवसांत भरून काढायचा. शिल्लक एकावर आली की नवी कामं बंद. दैनंदिन मालिका लिहिणाऱ्यांची अवस्था याहून बिकट असते. भागांची बँक, म्हणजे आधी तयार करून ठेवलेले भाग, संपली की सकाळी लिहिलेला प्रसंग दुपारी चित्रनगरीत चित्रित होतो, मग शहाणपणाच्या सल्ल्याला तिथं जागाच नसते. पटकथा आणि संवाद वेगळ्या माणसांकडे असणं आणि संवादलेखकाला महिन्यातून एक आठवडा बदली मिळणं, हे निर्मात्यानंच करायला हवं.

आता विश्रांती. थकवा खरोखर मुरला असेल तर एका रविवारानं तो जात नाही. आमच्या मते वर्षातला सगळ्यात सोयीचा काळ भाऊबीज ते त्रिपुरी पौर्णिमा. हे सुमारे तेरा दिवस. अंक बाजारात आलेले असतात, ग्रामीण साहित्य संमेलनांचा मोसम अजून सुरू व्हायचा असतो, शाळांना बऱ्याचदा सुट्टी असते. हे दिवस कुलूपबंद ठेवावेत. लेखन नाही, मुद्रितं नाहीत, परीक्षण नाही, समाजमाध्यमांवर आपल्या अंकांची छायाचित्रं टाकणंही नाही. रात्री साडेदहाला अंथरूण. सकाळी रंकाळ्याला चक्कर, कानात काही न घालता.

बिघडतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी. अपराधी वाटू लागतं, ‘नुसतं बसून काय करायचं’ म्हणत माणूस जुना खर्डा काढतो. किंवा ताजे दिवाळी अंक घेऊन बसतो आणि दुसऱ्याच्या कथेशी स्वतःची तुलना करत पुन्हा दमतो. अंक जरूर विकत घ्यावेत, पण या तेरा दिवसांनंतर वाचावेत. कुणी विश्रांती म्हणून लेखन शिबिराला जातं, ते तर कामच झालं. आणि रात्री दोनपर्यंत चालणाऱ्या साहित्यिक मैफली, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासह असल्या तरी, विश्रांतीत मोडत नाहीत. (रश्श्याबद्दल तक्रार नाही.)

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे भरणीचे. लेखक वर्षभर बाहेर देत राहतो आणि आत घेतो ते फक्त इतर लेखकांचं. त्यामुळे कथेतून कथाच उगवते. आत काहीतरी वेगळं जायला हवं आणि याबाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे. नेमकी दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात. एका गुऱ्हाळावर सबंध दिवस बसावं. चरकातून निघालेला रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, कसा पडतो, चुलवाणात चिपाडाचा जाळ कोण सांभाळतं, भेंडीचा चिकट रस घातल्यावर मळी वर कशी येते आणि ती कधी काढायची, काहिल उतरवायची वेळ झाली हे गुळव्या गार पाण्यात गुळाची गोळी करून कसं ताडतो, वाफ्यात ओतल्यावर किती वेळ थांबायचं. फक्त काम विचारावं. सुखदुःख विचारू नये, वही काढू नये, कथा शोधू नये. रात्री घरी आल्यावर अर्धं पान लिहावं, त्यात नामं आणि क्रियापदं असावीत, विशेषण शक्यतो नको. ‘सारखा’, ‘जणू’ हे शब्द वर्ज्य. हाच प्रयोग मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यांवर, चप्पल शिवणाऱ्याच्या दुकानात किंवा खासबागेतल्या कुस्तीच्या मैदानावर करता येतो. विशेषणांची सवय तुटायला आठ-दहा अशी पानं लागतात. थकलेल्या गद्याला सगळ्यात लवकर गुण येतो तो याच व्यायामानं, असं आमचं ठाम मत आहे.

वाचनही बदलावं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, म्हणजे ग्रंथालयाला सुमारे पावणेदोनशे वर्षं झाली. तिथल्या कपाटांत ललित साहित्याच्या पलीकडे केवढं तरी आहे: जुनी गॅझेटियरं, शेतीची, वैद्यकाची, प्रवासाची पुस्तकं. ज्यावर आपल्याला कधीही परीक्षण लिहायचं नाही असं एक पुस्तक निवडावं आणि त्यातलं रोज एक पान हातानं उतरवून काढावं. उतरवताना दुसऱ्याच्या वाक्याची लांबी मनगटाला कळते. आपल्या घट्ट झालेल्या लयीतून बाहेर पडायला एवढा धक्का पुरतो.

परत लिहायला बसताना घाई होते आणि सगळं तिथंच मातीमोल होतं. पहिला आठवडा रोज वीस मिनिटं, स्वयंपाकघरातलं टायमर लावून, कागदावर, दीडशे शब्दांच्या आसपास. घंटा वाजली की पुढचं वाक्य माहीत असतानाच थांबायचं आणि ते वाक्य मनात ठेवून उठायचं. दुसऱ्या दिवशी सुरुवात त्याच वाक्यानं होते, कोरं पान समोर येत नाही. लिहिलेलं आठवडाभर वाचायचं नाही. दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवायची, नव्वद मिनिटांवर थांबायचं. वीस मिनिटं हे किमान नाही, कमाल आहे. हात चालला म्हणून एखाद्या दिवशी तीन तास लिहिलं, की पुढचे तीन दिवस कोरडे जातात आणि माणूस म्हणतो, बघा, परत तेच. पहिल्या महिन्यात छापण्यासाठी काही लिहू नये. भाचीला पत्र, आजीच्या हातच्या पदार्थाची कृती, गल्लीतल्या तालमीची माहिती, असलं काहीही चालेल.

हात किंवा मान दुखते म्हणून मोबाइलला बोलून लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. मराठीतलं बोलून टंकन आता बरंच सुधारलं आहे, पण विरामचिन्हं गळतात, ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि मुख्य म्हणजे आपली कोल्हापुरी बोली ते यंत्र प्रमाण मराठीच्या जवळ ओढून नेतं. संवाद बोलून लिहिले तर पात्रं पुणेरी होऊन बसतात. तेव्हा बोलून फक्त टिपणं काढावीत, संवाद हातानंच लिहावेत.

पूर्णवेळ लेखनावर जगणारे थोडे आहेत. त्यांना विश्रांती परवडायची तर प्रत्येक मानधनातला दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात पडायला हवा. आणि जुनं लेखन पुन्हा वापरता येतं, हेही लक्षात ठेवावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखी आणि सही केलेल्या कागदाशिवाय लेखनाचा हक्क दुसऱ्याच्या नावे होत नाही. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. त्यामुळे नुसत्या फोनवरच्या बोलण्यावर अंकाला दिलेल्या कथेचा हक्क आपल्याकडेच राहतो. ती संग्रहात घेता येते, अनुवादाला देता येते. प्रत्येक मागणीला नवं लिहिलंच पाहिजे, असं कुठं आहे?

इथपर्यंत सगळा भार लेखकावर टाकला. पण १८५ तासांची बेरीज लेखकानं एकट्यानं केलेली नसते. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखनाचं वर्ष या सणाभोवती फिरतं आहे आणि त्याचा अभिमान आम्हालाही आहे. तरीही दिवाळी माहीत असताना मागणीपत्र जूनमध्ये का निघावं? गुढीपाडव्याला निघालं तर लेखकाला दहाऐवजी वीस आठवडे मिळतात, संपादकाचं काहीच जात नाही. पत्रात शब्दमर्यादा, मानधनाची रक्कम आणि ते कोणत्या तारखेला मिळणार हे तिन्ही असावं. मागवून घेतलेला मजकूर नाकारला तर अर्धं मानधन द्यावं. ‘गेल्या वर्षीसारखीच एखादी कथा द्या’ ही मागणी तर बंदच व्हावी. आपल्या भागातल्या ऊस उत्पादकाला सांगावं लागत नाही की लागणीनंतर खोडवा (त्याच बुडख्यांतून आलेलं दुसरं पीक) बरा येतो, निडव्याला (तिसऱ्या पिकाला) उतारा घटतो आणि तरी त्याच रानात ऊस ठेवायचा म्हटलं की खतावर खर्च करूनही हाती येत नाही; म्हणून तो हरभरा नाहीतर भुईमूग घेऊन बेवड (पीकपालट) करतो. संपादकांना मात्र एका लेखकाच्या एका यशावर पाच-पाच खोडवे हवे असतात.

साहित्य संमेलनं आणि शाळा-महाविद्यालयांच्या कार्यक्रमांबद्दलही एक सांगायचं आहे. गडहिंग्लजला किंवा आजऱ्याला अर्ध्या तासाचं भाषण म्हणजे जाऊन-येऊन लेखकाचा सबंध दिवस. शाल आणि श्रीफळ हा मान झाला, मोबदला नव्हे. प्रवासखर्च आणि मानधन पाकिटात आधी ठेवून मग आमंत्रण द्यावं. स्पर्धांच्या परीक्षणाला दरवर्षी तीच तीन नावं न घेता पाळीपाळीनं सहा-सात जणांची यादी करावी, वीस कथांमागे एक परीक्षक. नवोदितांनी प्रस्तावनेसाठी हस्तलिखित पाठवण्याआधी एका ओळीत विचारावं आणि नकार आला तर त्याला गर्व म्हणू नये.

आपल्या वृत्तपत्राकडून आमची अपेक्षा छोटी आहे. आपल्या रविवार पुरवणीतल्या प्रत्येक स्तंभलेखकाला वर्षातून दोन आठवडे रजा जाहीर करावी, त्या रविवारी ‘लेखक रजेवर आहेत’ एवढी ओळ छापावी आणि ती जागा जिल्ह्यातल्या एखाद्या नव्या लेखकाला, त्याच दराच्या मानधनासह, द्यावी. रजेच्या तारखा पाडव्यालाच ठरवल्या तर नव्या लेखकालाही तयारीला पुरेसा वेळ मिळेल.

आपले,
लेखन, संपादन आणि मुद्रितशोधन करणारे काही जण
राजारामपुरी, कोल्हापूर